कोंबडी आपली कोण लागते

आमच्या शाळेत दहावीचा उत्क्रांतीचा धडा हल्ली दोन तासांत उरकतो. नवे सर गाइडमधली उत्तरं फळ्यावर लिहून देतात, पोरं उतरवून घेतात, आणि परीक्षेत 'अवशेषांगे म्हणजे काय' याचं उत्तर सगळ्या वर्गाचं शब्दाला शब्द एकच येतं. कुणाच्या घरून तक्रार येत नाही. संस्थेचे अध्यक्ष खूश आहेत, मुख्याध्यापक त्याहून खूश आहेत. याच धड्याला भटू सरांचा निम्मा आषाढ जायचा. स्टाफरूममध्ये त्यावरून आम्ही त्यांची टिंगल करायचो. आता त्यांची खुर्ची रिकामी आहे, म्हणजे तिच्यावर नवे सर बसतात, पण टिंगल करावी असं त्यांच्यात काही नाही.

गाव धानोऱ्याकडचं, काळ्या जमिनीचं, कपाशीचं. नाव सांगत नाही, कारण गावात अजून मला राहायचं आहे. मी मराठीची बाई. मूळची जुन्नरकडची, नोकरीमुळे इथे आले आणि इथलीच झाले. असं मी म्हणते, गाव म्हणत नाही. भटू सर मात्र याच मातीतले, इथल्या जुन्या पाटील घराण्यातले. अंगाने बुटके, पँट कायम घोट्याच्या वर, मिशी एका बाजूला जरा जास्त कापलेली. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग असायचं. हातात नायलॉनची पिशवी. सर वर्गात शिरले की पोरं आधी त्या पिशवीकडे बघायची, मग सरांकडे. पिशवीतून काय निघेल याचा नेम नसायचा. बैलाचा दात, कपाशीचं किडकं बोंड, चिंचेच्या शेंगेला लागलेली अळी, पोराच्या हाताशेजारी मांडून दाखवायला शेळीच्या पायाची हाडं. ती हाडं त्यांनी घरी चुलीवर उकळून साफ केली होती, नि त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, ते पातेलं पुन्हा वापरलं नाही.

शिकवायचे ते अर्धं पुस्तकी मराठीत, अर्धं अहिराणीत. अवघड भाग आला की हमखास अहिराणीत. पोराने उत्तर दिलं की बरोबर की चूक ते सांगायचे नाहीत. "काबरं?" एवढंच विचारायचे. म्हणजे, का बरं? पोराने पुढे काही सांगितलं की पुन्हा "काबरं?" तिसऱ्यांदा विचारल्यावर निम्मी पोरं रडकुंडीला यायची. मी एकदा म्हटलं, सर, लेकरांना जरा श्वास घेऊ द्या. तर मलाच विचारलं, "काबरं?"

आणि हा जीवशास्त्राचा माणूस पालीला घाबरायचा. भिंतीवर पाल दिसली की खुर्ची घेऊन दाराशी जाऊन बसायचे आणि शिपायाला हाक मारायचे. आम्ही हसायचो. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "भीती त नातलगनीच ऱ्हास, मॅडम." पाल त्यांना नात्यातली वाटायची, हे ते विनोदाने बोलत नसत. साप, बेडूक, बोंडअळी, सगळ्यांचा उल्लेख ते चुलत, मावस, आते असा करायचे. पुस्तकात जोडणारा दुवा म्हणून प्लॅटिपस दिलाय; सर म्हणायचे, तो काही नंदुरबारच्या बाजारात मिळत नाही, मग पोरांना नातं पटणार कसं? म्हणून ते नवापूरच्या एका पोल्ट्रीवाल्याकडून कोंबड्यांचे पाय मागवायचे. माजी विद्यार्थीच तो. एसटीच्या कंडक्टरकडे पुडकं द्यायचा. सर ते स्टाफरूमच्या नळाखाली धुवायचे, आणि आम्ही डबे उचलून व्हरांड्यात जायचो.

बोंडअळीचं प्रकरण सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याशिवाय कळायचं नाही. गुलाबी अळी बीटी बियाण्याला आणि औषधाला दाद देईना, तेव्हा गावात सगळे दुकानदाराला शिव्या घालत होते. औषध डुप्लिकेट, बियाणं डुप्लिकेट. सरांनी पानटपरीवर उभं राहून सांगितलं, की औषध खरं आहे, अळीच बदलली आहे. हजार अळ्यांतल्या ज्या दोन-चार औषधाला मेल्या नाहीत, त्यांचीच पिल्लं आता शेतात आहेत; तुम्हीच निवडून ठेवलीत. ही गोष्ट ऐकायला तिथे आबा होते. आबा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष, आणि भटू सरांचे चुलतभाऊ, वयाने मोठे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या हंगामात आबांनी शेताच्या कडेला साध्या कपाशीच्या ओळी लावल्या, जुन्या, मरणाऱ्या अळ्याही टिकाव्यात म्हणून, सरांनी सांगितल्या तशा, आणि गावाला सांगत सुटले की आमचा भटू कंपनीच्या साहेबांपेक्षा हुशार आहे. डार्विन आबांना तेव्हा चालला होता. अळीपुरता.

आता कानबाई. खानदेशाबाहेरच्यांना हे सांगावं लागतं, मलाही इथे येऊनच कळलं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर ही देवी बसते. नारळाला डोळे, नथ लावायची, साडी नेसवायची, रात्र जागवायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. तिचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. सरांच्या कुळाची रीत अशी, की भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचा, तो सगळा एकत्र दळायचा आणि त्याचे रोट करायचे. ते खायचे फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला तुकडाही चालत नाही. उरलेले टाकायचे नाहीत, गुराला घालायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत कुळानेच संपवायचे. पाटलांची कानबाई पिढ्यान्‌पिढ्या भटू सरांच्या घरी बसायची, कारण त्यांची पाती, म्हणजे घराण्याची शाखा, थोरली. सर आठवडाभर आधी चामड्याची चप्पल सोडायचे, वहिनींना घर सारवायला स्वतः शेण आणून द्यायचे. मी दरवर्षी दर्शनाला जायचे. मला फुटाणे आणि केळं मिळायचं.

धुळ्याहून एकदा एक उत्साही गृहस्थ शाळेत व्याख्यानाला आले होते. विज्ञाननिष्ठा, चिकित्सा वगैरे. त्यांना कुणीतरी सांगितलं की हे सर उत्क्रांती फार छान शिकवतात, आणि घरी कानबाईही बसवतात. गृहस्थांनी सगळ्या स्टाफसमोर सरांना विचारलं, या दोन्ही गोष्टी एका डोक्यात मावतात कशा? सर म्हणाले, मावत नाहीत, म्हणून तर एक वर्गात ठेवतो आणि एक घरी. लोक हसले. गृहस्थ हसले नाहीत. मला ते उत्तर तेव्हा फार आवडलं होतं. आज आवडत नाही.

तर त्या वर्षीचा आषाढ. माझा नववीचा वर्ग दहावीला लागून, मध्ये पत्र्याचं पार्टिशन, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं. सरांनी कोंबडीचे पाय बाकांवरून फिरवले. खवले दाखवले, नखं दाखवली, पालीच्या पायाचं चित्र शेजारी काढलं, मग आपला हात. पोरांच्या तोंडून ईऽऽ, शीऽऽ चाललं होतं. मग आबांची नात, हुशार पोरगी, पहिल्या बाकावरची, उभी राहिली असावी. तिने विचारलं, "सर, मंग कोंबडी आपली कोन लागस?"

प्रश्न असा सरळ आला की सरांना राहवत नसे. त्यांनी विचारलं, तुमच्या घरच्या रोटावर कोण कोण बसतं? ती म्हणाली, भाऊबंद. काबरं? ती म्हणाली, एकच आज्याना शेतस म्हनीसन. एका आजोबाचे आहेत म्हणून. मग सरांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. शिकवण्याच्या भरात तो नेहमी थोडा वर चढायचा.

"मंग मांगे जाय. आज्याना आज्या, तेना बी आज्या. जात ऱ्हाय, जात ऱ्हाय. एक दिन असा येस, का कोंबडी बी आपला रोटवर येईसन बठस."

पलीकडे सगळा वर्ग हसला. ते हसणं चेष्टेचं नव्हतं. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की पोरं हसतात तसं ते होतं. मी माझ्या वर्गात खडू हातात धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, की एवढी वर्षं कविता शिकवते आहे, असं एक वाक्य मला सुचलेलं नाही.

पोरीने ते घरी जेवताना सांगितलं. कौतुकानेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावात ते फिरलं, तोवर त्याचं काय काय झालं होतं. भटूने कानबाईचा रोट कोंबडीला घातला. भटूने देवीसमोर कोंबडीचे पाय ठेवले. भटू पाटलांना कोंबडीची अवलाद म्हणाला. यातलं एकही खरं नव्हतं, पण लोकांना खरं-खोटं करायला सवड कुठे होती, श्रावण तोंडावर आला होता.

आबांनी शाळेच्या ऑफिसात बैठक घेतली. शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मी होते. मुख्याध्यापक घाम पुसत होते. मला वाटलं होतं की आबा देवाधर्मावर बोलतील, माणूस माकडापासून झाला नाही म्हणतील, आणि सर त्यांना भिंग काढून दाखवतील. मी तशा वादाची तयारी करून गेले होते. आबांना वाद घालायचाच नव्हता. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "भटू, धडा शिकाड. मार्क पडाले पाहिजेत. पन पोरेसले पटाडी देवानं काय काम?"

हे वाक्य मी विसरणार नाही. शिकव, मार्क पडू देत, पण पटवून देऊ नकोस. मी दोन शब्द बोलले, ते कुणी ऐकून घेतले नाहीत.  सर म्हणाले, आबा, बोंडअळीचं तर तुम्हाला पटलं होतं. आबा म्हणाले, अळी अळी आहे, मी मी आहे. बाकीचे सभासद माना हलवत होते, जणू काही फार मोठं बोललं गेलं.

आबांची अट एवढीच होती. कानबाईच्या आधी भाऊबंदांच्या बैठकीत सरांनी उभं राहून सांगायचं, की ते कोंबडीचं बोललो ते खोटं. मग सगळे रोटावर येतील. नाही सांगितलं, तर कुणी येणार नाही. नोकरीला हात लावणार नाही, असं आबा मोठ्या मनाने म्हणाले. आणि खरंच लावला नाही. सरांकडून दहावी काढून घेऊन पाचवी दिली, एवढंच.

सर भाऊबंदांच्या बैठकीला गेले. तिथे काय झालं ते मला वहिनींनी सांगितलं. सर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "कानबाईनं नाव वर्गमा लिधं, ते मन्हं चुकनं. माफी मांगस. पन कोंबडीनं खोटं नही." नाव घेतलं ती चूक, पण कोंबडीचं खोटं नाही. लोक थांबले, आणखी काही येतं का बघायला. सर खाली बसले. आबा उठले, त्यांच्या मागे एकेक जण उठला. सगळे भाऊबंद, धाकटे, थोरले, सरांनी ज्यांना सायकल शिकवली ते पुतणेसुद्धा. कानबाई आबांच्या घरी बसवायचं ठरलं. पिढ्यांची जागा एका संध्याकाळीत हलली.

सुरतेहून सरांच्या मुलाचा फोन आला. इंजिनियर आहे तो, मोठ्या कंपनीत. बापाला म्हणाला, पप्पा, तुम्ही ते वाक्य मागे घ्या ना, कोणाला काय फरक पडतो? तो कानबाईला आला नाही. सुट्टी नव्हती म्हणे. धुळ्याच्या त्या गृहस्थांनाही बातमी लागली, ते गाडी करून आले. म्हणाले, शहरात मोठा सत्कार करू, पेपरात देऊ, फक्त या वर्षीपासून कानबाई बसवणार नाही असं व्यासपीठावर जाहीर करा. सरांनी त्यांना चहा पाजला आणि रस्त्यापर्यंत सोडून आले. आबांना एक वाक्य हवं होतं, यांना दुसरं. भटू सर जसेच्या तसे कुणालाच नको होते. ज्या माणसाने तीसेक वर्षं गावातली पोरं घडवली, त्याच्या बाजूने गावातलं एक पोर उभं राहिलं नाही, याचा मला अजून संताप येतो. सगळी पोरं म्हणायची, सर बरोबर आहेत पण बोलायला नको होतं. बरोबर असेल ते बोलायचं नाही, तर माणसाने तोंड ठेवायचं कशाला, हे मला कुणी सांगितलं नाही.

कानबाईच्या रविवारी मी गेले. मुद्दाम लवकर गेले. वाटेत आबांच्या दारात मांडव, डीजे, गाड्यांची रांग. सरांच्या गल्लीत कुत्रं बसलेलं. घर मात्र सारवलेलं होतं, दाराला तोरण होतं, आणि इथेही कानबाई दरवर्षीसारखी नटून बसली होती. वहिनी चुलीपुढे होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. "एक शब्द बोली देता, त काय जातं?" त्या म्हणाल्या. "कोंबडी येनार शे का रोट खावाले?"

 त्यांचं बरोबर होतं. आणि सरांचंही बरोबर होतं. त्या घरात दोन बरोबर माणसं होती आणि दोघंही रडवेली होती.

मग मी टोपल्याकडे पाहिलं. रोटांची चळत होती, नेहमीएवढी. मी म्हटलं, वहिनी, एवढे कशाला केले, कुणी येणार नाही ना? त्यांनी हाताने सरांकडे दाखवलं. सरांनी गहू मोजताना एकाही पुरुषाचं नाव गाळलं नव्हतं. आबांचंसुद्धा. सर म्हणाले, ते आले नाहीत म्हणून नातं संपतं का, मॅडम, ते काय आपण ठरवतो? मला त्यांच्या त्या उत्तराचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी चीडही आली, की असं बोलणाऱ्या माणसाला या लोकांत जन्माला यावं लागलं.

सोमवारी सर एकटेच देवी डोक्यावर घेऊन नदीवर गेले. बँड नव्हता. मला हे शिपायाने सांगितलं. त्यानंतर ते शाळेत आले नाहीत. रजा टाकली, ती वाढवली, आणि दिवाळीनंतर दोघं सुरतेला मुलाकडे गेले ते गेलेच. मी फोन करते, सर तब्येतीचं विचारतात, पावसाचं विचारतात. काबरं असं त्यांनी मला परत कधी विचारलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच श्रावणात, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. घरी गेले तर वहिनी पडून होत्या, पोट बिघडलं होतं. सर मागच्या दाराशी पाटावर बसले होते, पुढ्यात ताट, शेजारी टोपलं. रोट वाळून कडक झाले होते. टोपलं अजून निम्म्याच्या वर भरलेलं. सर एक तुकडा मोडत, ताकात बुडवत, बराच वेळ चावत. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. म्हणाले, उद्यापर्यंत संपायला हवेत. मी म्हटलं, सर, माणूस मरेल अशाने. ते म्हणाले, टाकता येत नाहीत.

मला राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर खाली बसले, हात पुढे केला आणि म्हटलं, "द्या. मी खाते. दोघं मिळून संपवू."

सरांचा हात टोपल्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत देवीच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं. मला खात्री होती की ते देतील. ज्या माणसाने कोंबडीला रोटावर बसवलं, तो समोर बसलेल्या बाईला एक तुकडा देणार नाही?

"तुमनं कुळ दुसरं शे, मॅडम," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मागे जात राहिलं तर, सर? जात राहिलं, जात राहिलं तर?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होते, पण उत्तर येत असून देता येत नाही असा त्यांचा चेहरा मी पाहिला नव्हता.

"ते वर्गमा," ते म्हणाले. "आठे कानबाई शे."

इथे कानबाई आहे. माझा हात तसाच राहिला. आबांचा मला राग होता, तो आजही आहे, पण त्या क्षणी मला भटू सरांचाच जास्त राग आला. त्यांनी टोपल्यावरचं फडकं नीट केलं, माझा हात लागू नये इतकं टोपलं आपल्याकडे ओढून घेतलं, आणि पुढचा तुकडा मोडून तोंडात घातला. तो त्यांना गिळवेना. मी उठून त्यांना तांब्यातलं पाणी दिलं. ते मात्र त्यांनी माझ्या हातून घेतलं.